कुडापलीकडचा हातगुण

धाकट्या जावेनं तोंड उघडलं, पण त्यात माझी दोन बोटं काही जाईनात. एरवी ती जांभई द्यायची तेव्हा पार पडजीभ दिसायची. मी तिला ओटीच्या कडेला उन्हाकडे तोंड करून बसवलं, गाल बाहेर ओढला आणि आत पाहिलं. उजव्या गालाच्या आत, मागच्या दाढांपाशी मोठा व्रण होता. त्याची कड उचललेली होती. कडेवर बोट दाबलं तर सुपारीसारखं टणक लागलं. मधे पांढरट होतं. बोट बाहेर काढलं तेव्हा त्याला रक्त लागलेलं होतं.

"दुखतंय?" मी विचारलं.

"तेवढं नाय. पयलं दुखायचं."

हेच मला आवडलं नाही. तोंड आलेल्या माणसाला नुसतं पाणी लागलं तरी तो उडतो. ही मात्र मी दाबत होते तरी गप्प बसली होती.

"हे तोंड आलेलं नाय गो," मी म्हणाले. "हे दुसरंच कायतरी हाय. उद्या शहापूरला जा, डॉक्टरला दाखव."

तिनं पदरानं ओठ पुसले. आवाज न चढवता म्हणाली, "आक्का, तुमच्या हाताला गुण नाय. तुमच्या पाल्यानं बरं झालं नाय म्हनून तुमी आता असं बोलता. आनि तुमी माझ्यावर जळता, ते आख्ख्या गावाला म्हाईत हाय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण गालातली ती टणक कडही खरी होती. ती उठली आणि कुडाच्या पलीकडे आपल्या घरात निघून गेली. मी बोट धुतलं.

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा मधे भिंत घातली नव्हती. कारवीचा कूड उभा करून तो शेणामातीनं लिंपला होता. ओटी एकच राहिली, अर्धी त्यांची, अर्धी आमची. कुडातून सगळं ऐकू यायचं. तिच्या घरात कोण आलं, काय बोललं, काय हसलं, ते मला कान न लावताही कळायचं. आणि मी तर कान लावून बसायची.

मी मुरबाडकडची. किन्हवलीच्या पुढच्या या गावात लग्न होऊन आले तेव्हा माहेरून जाईच्या वेलाची कांडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. न्हाणीच्या पाण्यावर तो वेल चांगला वाढला, कौलांवर चढला. तोंड आलं की जाईची कोवळी पानं चावायची, रस तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा, हे माझ्या आईचं औषध. गावात कुणाचंही तोंड आलं की माझ्याकडे यायचे. मी वेल दाखवायची आणि म्हणायची, "घे तोडून. चाव नि थुंक." एवढंच. त्यात कुणाला पाटावर बसवून घेण्यासारखं काय आहे. कुणाला बरं वाटायचं, कुणाला नाही वाटायचं. ज्याला नाही वाटायचं तो पुन्हा पानं तोडून न्यायचा. अशी बरीच वर्षं गेली. ते औषध माझं होतं आणि गावात त्यासाठी माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मग दिराचं लग्न झालं. ही डोळखांबकडच्या डोंगरातून आली. बोलताना शब्द ओढायची, हळू बोलायची, समोरच्याचं ऐकून घ्यायची. सासू मला अर्ध्यावर तोडायची. हिचं मात्र मान हलवत ऐकायची. पहिली दोन वर्षं हिनं औषधाचं नाव काढलं नाही. मग एकदा शेजारणीच्या मुलीचं तोंड आलं, जिभेवर, ओठाच्या आत, सगळीकडे. माझा पाला चघळून ती पोर रडायला लागली. जाऊ तिच्या आईला म्हणाली, "बुधवारी आना. अनशापोटी."

तिचं औषध खैराच्या सालीचं. साल ठेचून पाण्यात उकळायची, पाणी लाल होऊन अर्धं आटलं की कोमट करून गुळण्या करायला द्यायचं. मग बोटानं साजूक तूप लावायचं. पण ते फक्त रविवारी आणि बुधवारी, आणि ऊन चढायच्या आत. असे तीन वार घ्यावे लागायचे. तीन वार पुरे होईपर्यंत तंबाखू नाही, चुना नाही, मशेरी नाही, मिरची नाही, सुकट नाही. आणि ज्यानं त्यानं तिच्या पाटावर बसायचं. ती विचारायची, रातची झोप लागते काय, पोट साफ होतं काय, घरात भांडण झालंय काय. लोकांना ते फार आवडायचं.

त्या पोरीचं तोंड तिसऱ्या वारी बरं झालं. मग काय. नव्वद सालापुढची ती वर्षं मला कुडाच्या अलीकडे बसून काढावी लागली. रविवारी ओटीवर माणसं बसलेली असायची, तिच्या अर्ध्यावर जागा पुरायची नाही म्हणून माझ्या अर्ध्यावर. मी त्यांच्यामधून झाडू काढायची.

"पाय वर घे रे," मी म्हणायची.

"आक्का, जरा थांबा की. नंबर जाईल."

"नंबर कशाचा? इथं काय रेशन मिळतंय?"

कसाऱ्याहून रस्त्याच्या कामावरचे मजूर यायचे. किन्हवलीच्या बाजारातला एक दुकानदार एसटीनं यायचा. बरोबर आलेली त्याची बायको माझ्या वेलाकडे बघून म्हणाली होती, "फुलं छान येत असतील ना याला." फुलं. त्या दिवशी मी भांडी जरा जोरात घासली.

सगळ्यात जास्त लागलं ते माझ्या नवऱ्याचं. त्याचं तोंड सारखं यायचं, कारण तो तळहातावर तंबाखू-चुना मळून ओठाखाली धरायचा आणि तिथंच विसरायचा. तिचं औषध सुरू झाल्यावरही दोन वर्षं त्यानं माझा पाला चावला. मग एका रविवारी सकाळी तो अंथरुणात नव्हता. कुडापलीकडून त्याचा गुळण्या करण्याचा आवाज आला.

घरात आला तेव्हा मी म्हणाले, "दारात वेल असताना भावजयीच्या पाटावर जाऊन बसायची लाज नाय वाटत?"

"तुझ्या पाल्यानं जीभ कडू होते."

"आनि तिचं तूप गोड लागतं."

"तूप गोडच लागतं," तो म्हणाला. "त्याला मी काय करू."

त्याचंही तोंड तीन वारांत बरं झालं. झाल्याबरोबर त्यानं तंबाखू पुन्हा धरली, आणि महिन्याभरात तोंड पुन्हा आलं. मग मी एक केलं. मीही रानातून खैराची साल आणली. तिच्यासारखीच ठेचली, तिच्यासारखीच उकळली, आणि सोमवारी सकाळी त्याला दिली. वर तूपही लावलं. मंगळवारी विचारलं, "कसं हाय?"

"तसंच हाय. हात लागतो गो. तुझा नाय लागत."

आमच्याकडे हे सगळेच मानतात. औषध एकच असलं तरी एकाच्या हातून लागतं, दुसऱ्याच्या हातून लागत नाही. त्याला हातगुण म्हणतात. देवानं दिला तर दिला. आणि त्यातलीच दुसरी गोष्ट म्हणजे ज्याच्या हाताला गुण असतो, त्याला स्वतःला तो लागत नाही. हाड बसवणाऱ्याचं हाड दुसऱ्यानं बसवायचं. आपल्या हातचं औषध आपल्याला चालत नाही.

याच गोष्टीनं जावेचा घात होत होता, आणि घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन हजार सालच्या पुढची गोष्ट. भाताची लावणी चालू होती. दुपारी बांधावर भाकरी खायला बसलो तेव्हा ती एकाच बाजूनं चावत होती. मी विचारलं तर म्हणाली, "तोंड आलंय. दाढ तुटलीय ना, ती घासते." मी मनात म्हणाले, बरं झालं. लोकांची तोंडं बघते, आता आपलं बघ. तीच लोकांना मशेरी सोडायला लावायची, पण जेवण झालं की तिची मशेरीची डबी निघायची आणि मशेरी त्याच उजव्या गालात जायची. लग्नाच्या आधीपासूनची सवय. मी एकदा टोकलं होतं तेव्हा म्हणाली होती, "ते औषध घेनाऱ्याचं पथ्य. मी कुठं औषध घेते."

गणपती झाले. ती एकाच बाजूनं चावत होती. सासूनं विचारलं तर ती म्हणाली, "माझा हात मला लागत नाय ना, आई." सासूनं मान हलवली. रविवारी आलेल्या बायकांनाही तेच सांगितलं आणि त्यांनीही माना हलवल्या. उलट त्यांना वाटलं, बघा, किती खरा गुण, स्वतःला लागत नाही म्हणजे देवाचाच असणार. तिचं तोंड बरं होत नव्हतं त्यामुळे तिचा मान वाढत होता. मी कुडाच्या अलीकडे हे ऐकत होते आणि माझं डोकं फिरत होतं.

नवरात्रात ती स्वतः माझ्याकडे आली. न्हाणीपाशी उभी राहून म्हणाली, "आक्का, तुमच्या हातची पानं द्या. तीन वार."

मला किती आनंद झाला ते सांगत नाही. मी कोवळी पानं वेचून काढली. तिला पाटावर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी औषध देताना कुणाला पाटावर बसवलं. मला तिला बरं करायचं होतं, कारण ती माझ्या पाल्यानं बरी झाली असती तर पुढच्या रविवारी ओटीवर बसलेल्या सगळ्यांना मी ते सांगितलं असतं. पहिला वार झाला, दुसरा झाला. तिसऱ्या वारी मी गालात बोट घातलं, आणि जे दिसलं ते वर सांगितलं आहे.

ती चिडून घरात गेल्यावर मी तिथंच बसून विचार केला. माझ्यासारखा विचार करायला गावात दुसरं कुणी नव्हतं, कारण माझ्याइतकं त्या ओटीवर लक्ष ठेवून कुणी बसलं नव्हतं. कोण कधी आलं, कधी हसत गेलं, ते सगळं मला ठाऊक होतं. त्या सगळ्यांत एकाचंही तोंड इतकं राहिलं नव्हतं. बुधवारी आलेला पुढच्या बुधवारपर्यंत, नाहीतर त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत बरा झाला होता. कुणी तिच्या औषधानं झाला, कुणी माझ्या पाल्यानं, आणि एक म्हातारा तर काही न घेता, फक्त शिव्या घालत बरा झाला होता. हिचं लावणीपासून होतं आणि आता भात कापायला आलं होतं. हातगुणाचा काही संबंध नव्हता. हे दुसरं काहीतरी होतं.

पण माझं कोण ऐकणार. दीर रस्त्याच्या कामावर, आठवड्याला घरी येणारा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "वैनी, तुमचं दोघींचं तुमी बघा." नवरा म्हणाला, "तू तिच्या वाईटावर हायस." सासू तर माझ्याकडे बघेचना.

रविवार आला. ओटी भरली. जाऊ लाल पाण्याचा टोप घेऊन बाहेर आली, पाटापाशी बसली. मी झाडू काढायचा सोडून मधे उभी राहिले.

"हिला तोंड उघडायला सांगा," मी म्हणाले.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"तुमची तोंडं ही बघते ना. आज तुमी हिचं बघा. लावणीपासून आलंय. माझा पाला झाला, सगळं झालं. गालात सुपारीएवढं टणक झालंय आनि दोन बोटं जात नायत. तुमचं कुणाचं इतकं राहिलंय काय, सांगा."

किन्हवलीचा दुकानदार म्हणाला, "आक्का, असं चारचौघांत..."

"चारचौघांतच. घरात सांगितलं तर मी जळते."

"जळताच तुमी," जाऊ म्हणाली.

"जळते. तू तोंड उघड."

तिनं उघडलं नाही. पण एक मजूर उठला आणि म्हणाला, "मी बुधवारी येतो." मग दुसरा उठला. दुकानदारानं गुळण्या केल्या, पण चूळ टाकताना तिच्या गालाकडे बघत होता. त्या दिवशी तूप पुष्कळ उरलं. बुधवारी दोनच माणसं आली. रविवारी एक.

मी सांगितलं म्हणून ती शहापूरला गेली नाही. ओटी रिकामी राहिली म्हणून गेली. डॉक्टरनं काही नाही असं सांगितलं असतं तर परत येऊन ती मला सगळ्यांसमोर खोटी पाडणार होती. दीर कामावर होता, सासूला चालवत नव्हतं, म्हणून तिच्याबरोबर मलाच जावं लागलं. एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं बॅटरी लावून आत पाहिलं, बोट फिरवलं, मग मानेला चाचपलं.

"किती दिवस आहे?"

"लावणीपासून," मी म्हणाले.

"इतके दिवस का थांबलात?"

जाऊ म्हणाली, "माझाच हात हाय ना, मला लागत नाय."

त्याला समजलं नाही. मी समजावून सांगितलं, वार आणि साल आणि तूप. तो हसला नाही. म्हणाला, "बाई, साधं तोंड आलं तर ते आठ-दहा दिवसांत आपोआप जातं. फार तर दोन आठवडे. साल द्या, पाला द्या, काही देऊ नका. दुखणं तेवढं कमी होईल."

"मग सगळ्यांना सारखं का लागत नाय?" मी विचारलं. एवढी वर्षं मला हेच विचारायचं होतं.

"कारणं सारखी नसतात. कुणाला अन्नातून पुरेसं मिळत नाही, कुणाची दाढ घासते, कुणाला चुना लागतो. चुना बंद केला की बरं होतं, मग औषध कुठलंही असो. आणि माणूस कुठल्या दिवशी येतो, तेही बघायचं. दुखायला लागल्या दिवशी आला तर औषध लागलं नाही म्हणतो. जायच्या वेळेला आला तर लागलं म्हणतो."

मी जागच्या जागी सगळं जुळवलं. माझ्याकडे माणसं पहिल्या दिवशी यायची, कारण माझा वेल सातही दिवस उघडा. पाला चावून दुसऱ्या दिवशी बरं नाही म्हणून बुधवारची, रविवारची वाट बघायची. तोवर अर्धे दिवस गेलेले. वर तीन वार, वर चुना-तंबाखू बंद. शेवटच्या वारी बरं व्हायचं आणि नाव तिचं व्हायचं. मी सुरुवातीची दुखणी घेत होते आणि ती शेवटची. माझ्या नवऱ्याला मी सोमवारी साल देऊन मंगळवारी विचारत होते. त्याच वेळी तो ओठात तंबाखू धरून बसला होता.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं काही ऐकलं नव्हतं. ती डॉक्टरच्या तोंडाकडे बघत होती, कारण तो कागद लिहीत होता आणि मुंबई म्हणत होता.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. गाल आतून कापला, त्यासोबत जबड्याचा थोडा भाग काढला, मांडीची कातडी तिथं लावली. मग किरणांचे शेक दिले. मी खाटेखाली चटईवर झोपायची, नळीतून तिला पातळ पेज घालायची, तिचे कपडे धुवायची. ती बोलू शकत नव्हती, तरी वॉर्डातल्या बायका तिच्याभोवतीच. तिनं नुसता हात धरला तरी त्यांना बरं वाटायचं. शेजारच्या खाटेवरची बाई मला म्हणाली, "तुमची जाऊ किती गुणाची हो. काही तक्रार नाही." मी पेजेची वाटी विसळत होते. माझी पाठ मोडत होती आणि कौतुक तिचं होत होतं. मी म्हणाले, "तोंडाला टाके हायत, तक्रार कशानं करील."

जाऊनं ते ऐकलं. हसता येत नव्हतं, पण डोळे हसले. माझ्याकडे बघून तिनं बोटानं खूण केली, दोन बोटं तोंडाकडे नेली आणि बाहेर काढली. मी ती दोन बोटं ओळखली, तिच्या तोंडात न गेलेली माझीच.

घरी परतली तेव्हा एक गाल आत गेलेला, तोंड वाकडं. मला वाटलं, आता संपलं. आता कोण येतंय हिच्या पाटावर. पावसाळा सरला आणि एका रविवारी ओटीवर बोलणं ऐकू आलं. मी बाहेर आले तर आधीपेक्षा जास्त माणसं. एक बाई दुसरीला सांगत होती, "येवढ्या मोठ्या दुखन्यातून उठली, म्हंजे हाताला केवढा गुण असेल." मी खांबाला टेकून उभी राहिले.

तिनं मशेरी सोडली होती. आता ती आधी माणसाला उन्हाकडे तोंड करून बसवायची, बॅटरीनं आत बघायची, कडेला बोट लावायची. दुखलं तर सालीचं पाणी द्यायची. दुखलं नाही, टणक लागलं किंवा तीन वारांत गेलं नाही, तर म्हणायची, "शहापूरला जा. माझ्याकडं नको." शब्द अडखळायचे, पण लोक ऐकायचे. तेच शब्द मी आधी बोलले होते, तेव्हा घरात एकानंही ऐकलं नव्हतं.

माझा नवरा पुढे हृदयाच्या दुखण्यानं गेला, सासूही गेली. वेल अजून आहे. फुलं चांगली येतात. रविवारी सकाळी कुडापलीकडून गुळण्यांचा आवाज येतो आणि अजूनही मला तो ऐकवत नाही. गालातल्या त्या दुखण्यातून माझी धाकटी जाऊ जगली.